प्रकरण सोळावे : करंगळीएवढी फट

रविवारी सकाळी फुगवटा त्रेचाळीस मिलिमीटर भरला. आदल्या दिवशी एक्केचाळीस होता. दादाने पाणसळ बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यात नवा आकडा लिहिला. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. एवढं मन लावून मोजमाप त्याने नोकरीतसुद्धा केलं नव्हतं.

“वाढला का हो?” वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“दोनने.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने पुढे जोडलं, “म्हणजे परीक्षकबाईंना नीट दिसेल.”

दिसणार नाही असं काही नव्हतंच. बैठकीच्या खोलीत बरोबर मधोमध फळ्या एकमेकींना रेटत वर उठल्या होत्या. टीपॉय एका अंगाला कलंडला होता आणि त्यावर ठेवलेलं वर्तमानपत्र रोज खाली घसरत होतं. दादाने चार खुर्च्या मांडून भोवती सुतळी बांधली होती. आत जायची सगळ्यांना मनाई होती आणि ज्याने ती जमीन बसवली त्याला तर सक्त मनाई होती. जावयाने दोनदा येऊन सांगितलं होतं, “मला एकदा कडेची पट्टी काढून बघू द्या.” दादाने दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं. “जावईबापू, तपासणी होईपर्यंत मालाला हात लावता येत नाही. नियम आहे.” खात्यात असताना तो दुकानदारांचे खोटे तराजू असेच जप्त करून ठेवायचा. निवृत्तीनंतर जप्त करायला काही मिळालं नव्हतं, ते आता घरबसल्या मिळालं होतं.

जावई घराघरांतून लाकडी जमिनी बसवायचा. अकरा वर्षांपूर्वी दादाच्या बहिणीने, धाकटीने, स्वतःच्या पसंतीने त्याच्याशी लग्न केलं, तेव्हापासून या घरात तो तोंडावर ‘जावईबापू’ होता आणि पाठ फिरली की ‘फळीवाला’. या दोहोंच्या मधलं एखादं साधं नाव कुणाला सुचलं नव्हतं.

आज चार वाजता कारागीरशाळेच्या परीक्षकबाई येणार होत्या. शाळेला जमिनीचं काम शिकवणारा माणूस हवा होता. उमेदवार तीन होते, आणि निवड व्हायची ती प्रत्येकाने एकट्याने बसवलेली एक जमीन प्रत्यक्ष बघून. जावयाला ही नोकरी मिळणं फार गरजेचं होतं, कारण त्याचे गुडघे गेले होते. वीस वर्षं जमिनीवर रांगून काम केल्यावर ते जायचेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार तर आणखी एक वर्ष, मग बसून करायचं काहीतरी शोधा.

त्याने बसवलेल्या जमिनी शहरभर होत्या. पण शाळेला पत्ता गेला तो याच घराचा, आणि तो धाकटीने हट्टाने द्यायला लावला होता. परक्या बाईने दादाच्याच बैठकीत उभं राहून जावयाला ‘सर’ म्हणावं आणि ते दादाने ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती. पत्ता गेला तेव्हा जमीन सपाट होती. पुढच्या आठवड्यात हवा दमट झाली आणि फळ्यांनी डोकं वर काढलं.

*

तीन वाजता मधला आला. हा दादाचा भाऊ, दाताचा डॉक्टर. त्याने दारातूनच फुगवटा न्याहाळला आणि विचारलं, “काय म्हणतेय सूज?”

“त्रेचाळीस,” दादा म्हणाला.

“अरे बाप रे. आत काहीतरी किडलंय.”

“मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय.”

मधला आणि दादा यांच्यात आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपासून बोलणं नव्हतं. वडिलांच्या आजारपणातही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसून निरोप नर्सबरोबर पाठवत होते. जे वडिलांना जमलं नाही ते या फुगवट्याने करून दाखवलं. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोघा भावांचा फोन चालायचा आणि दोघंही एकमेकांना ‘बघ ना’ म्हणायचे.

आई खिडकीपाशी तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. एकोणऐंशी वर्षांच्या तिच्या आयुष्याचं एक धोरण होतं : शेवटचा चहा ज्याने दिला त्याची बाजू घ्यायची. आज चहा वहिनीने दिला होता.

“माणूस वाईट नाही हो,” आई म्हणाली. “पण विसराळू आहे. त्या दिवशी मी बोलले नाही कुणाला. म्हटलं, आपलाच जावई, आपणच झाकायचं.”

“काय झाकायचं?” वहिनीने विचारलं.

“काही नाही,” आई घाईने म्हणाली.

मधला हे ऐकून गालात हसला. त्यालाही जावयाचं एक गुपित माहीत होतं आणि तेही त्याने मोठ्या मनाने पोटात ठेवलं होतं. दादाने घसा साफ केला, कारण तोही असंच काहीतरी पोटात ठेवून होता. तिघं आपापल्या चांगुलपणावर खूश झाले.

मग धाकटी आणि जावई आले. जावयाने चपला दाराबाहेर काढल्या, हत्यारांची पेटी भिंतीशी ठेवली आणि उभा राहिला. आईची सोडून बाकी खुर्च्या सुतळीला बांधलेल्या होत्या, आणि नसत्या तरी तो उभाच राहिला असता.

“दादा, अजून एक तास आहे,” धाकटी म्हणाली. “त्याला पट्टी काढू दे. कारण कळलं तर निदान बाईंना सांगता येईल.”

“कारण मला माहीत आहे.”

“सांग मग.”

“बाईंसमोर सांगेन. या घरात मागून कुणी बोलत नाही.”

धाकटी हसली. तो हसण्याचा आवाज वहिनीला अजिबात आवडला नाही. “मागून कुणी बोलत नाही? फळीवाला कुणाचं नाव आहे रे, दादा?”

“ते प्रेमाने,” आई म्हणाली.

“फळ्या त्याने बसवल्या, पण कडेच्या पट्ट्या तू ठोकल्यास,” धाकटी म्हणाली. “दुकानातून पट्ट्या यायला पंधरा दिवस लागले. आल्यावर त्याला बोलवायचं सोडून तू स्वतः हातोडी घेतलीस.”

“त्यांना त्रास नको म्हणून. आणि पट्टी ठोकल्याने जमीन फुगते होय? उद्या म्हणशील टोपी घातल्याने टक्कल पडतं.”

मधला मोठ्याने हसला. अर्ध्यावर त्याला आठवलं की आपण टोपी घालतो, आणि का घालतो तेही आठवलं.

“तसं बघितलं तर तुम्हीही जरा घाईच केलीत,” वहिनी दादाला म्हणाली. “मी म्हणत होते थांबा म्हणून.”

“तू कधी म्हणालीस?”

“मी म्हणते ते तुम्हाला कधी ऐकू येतं?”

एवढ्या एका वाक्यावर वहिनी धाकटीच्या बाजूला गेली. आई अडचणीत आली, कारण चहा वहिनीचा होता. तिने दोन्हीकडे पुरेल असा एक सुस्कारा टाकला. जावई म्हणाला, “जाऊ दे. बाई येऊ देत.” त्याचा आवाज शांत होता. धाकटीला तो नेहमीच फार शांत वाटायचा, आणि आज तर त्याची तिला भीती वाटली.

*

परीक्षकबाई चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या. ठेंगण्या, कानाला पेन्सिल, पायात मोजे. दादाने तयार ठेवलेलं भाषण सुरू केलं.

“बाई, नात्याचा माणूस असला तरी आमच्या घरात खऱ्याला खरं म्हणण्याची रीत आहे. हा तक्ता बघा. पहिल्या दिवशी सात मिलिमीटर—”

“ही सुतळी कशाला?”

“जप्ती. म्हणजे, सुरक्षिततेसाठी.”

“सोडा.”

दादाने स्वतः बांधलेल्या गाठी स्वतः सोडल्या. त्याला तीन मिनिटं लागली. बाई फुगवट्यावर तळवा ठेवून बसल्या. मग गुडघ्यांवर सरकत कडेपर्यंत गेल्या.

“पट्ट्या कुणी ठोकल्या?”

“मी,” दादा म्हणाला. “आणि आता सांगायला हरकत नाही. पट्ट्या ठोकताना मला दारापाशी फळी आणि भिंत यांच्यात ही एवढी फट दिसली. करंगळी जाईल एवढी. बाकी तिन्ही बाजू व्यवस्थित बुजवलेल्या, आणि हीच तेवढी राहिलेली! कामचुकारपणा, दुसरं काय. पण मी बोललो नाही. म्हटलं, बहिणीचा नवरा. मी स्वतः भरून टाकली.”

जावयाने मान वर केली. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा हलला.

“काय म्हणालात? तिन्ही बाजू बुजवलेल्या?”

“उघडा,” बाई म्हणाल्या.

जावयाने पेटीतून पटाशी काढली आणि दारापाशी बसला. बसताना त्याचा गुडघा वाजला तो सगळ्यांना ऐकू आला. पट्टी सुटली. मागे लाकडी फूटपट्ट्या उभ्या ठोकलेल्या होत्या, एकीला एक लागून, दरवाजापासून कोपऱ्यापर्यंत. प्रत्येकीवर आकडे, आणि टोकाला खात्याचा शिक्का.

“त्या जुन्या झाल्या होत्या,” दादा म्हणाला. “खात्याने मोडीत काढलेल्या.”

“मोजमाप मात्र घट्ट बसलंय,” बाई म्हणाल्या. “पुढची भिंत.”

घड्याळाच्या भिंतीची पट्टी काढायला लागताच मधला मोबाईल बघू लागला. फट काठोकाठ पांढऱ्या प्लास्टरने भरलेली होती, वरून इतकी गुळगुळीत की जीभ फिरवावी. दातांचे साचे काढायचं प्लास्टर कुणाच्या घरी पोत्याने असतं हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

“मला पोकळी बघवत नाही,” मधला म्हणाला. “सवय आहे हातांना. आणि दोन बाजू भरलेल्या होत्या! मला वाटलं, हे उरलेल्या विसरले. चारचौघांत शोभा नको म्हणून दादा बाजारात गेला तेवढ्यात त्यातली एक उरकून टाकली.”

“म्हणजे तूसुद्धा?” दादा म्हणाला.

“तूसुद्धा काय? मी निदान सफाईने केलं. फूटपट्ट्या काय ठोकतोस!”

“प्लास्टर काय ओततोस! दाढ आहे का ती?”

पंधरा दिवसांची युती तिथेच मोडली. जावई तोवर खिडकीच्या भिंतीपाशी पोचला होता आणि आईने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तिथे मेण निघालं. वीज जाते म्हणून घरात जमवलेल्या मेणबत्त्या आईने चार दुपारी बसून वितळवल्या होत्या.

“माझी सुई पडायची त्यात,” आई म्हणाली. “आणि समोरची भिंत त्यांनी छान भरली होती, ती बघूनच केलं मी. मला काय माहीत? समोर आहे तर इथेही हवंच की.”

परीक्षकबाईंनी कानावरची पेन्सिल काढली. “म्हणजे दादांनी भरलं तेव्हा तीन भरलेल्या होत्या. डॉक्टरांनी भरलं तेव्हा दोन. आजींनी भरलं तेव्हा एक, समोरची. ती सगळ्यांत आधी भरली गेली आणि तिच्याकडे बघून बाकीच्यांनी भरली. फट चारही बाजूंनी मोकळी असती तर जमीन पसरली असती. तिला जायला कुठेच जागा ठेवली नाही तुम्ही, म्हणून ती वर आली. आता मला एवढंच हवंय, ती पहिली कुणी भरली?”

सगळ्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ती दादाच्या आरामखुर्चीच्या बरोबर समोरची भिंत होती.

*

त्या भिंतीकडे जाताना जावई आणि धाकटी यांच्यात चार पावलांचं अंतर होतं. त्याने पट्टीखाली पटाशी घातली तेव्हा तिला वाटलं की खाली वाकून त्याचा हात धरावा. तिने धरला नाही.

पट्टीमागे प्लास्टर नव्हतं आणि मेणही नव्हतं. तिथे जाड पुठ्ठ्याच्या दुहेरी पट्ट्या होत्या, वर फळ्यांच्याच रंगाचं तपकिरी कापड, कडा आत दुमडून चिकटवलेल्या, कोपरे काटकोनात कापलेले. कुणाला दिसणार नाही अशा जागेचं काम इतकं देखणं करणारा माणूस विरळाच. धाकटी वाचनालयात पुस्तकांची बांधणी करायची. तिच्या कामाला घरात ‘चिकटवाचिकटवी’ म्हणत आणि तिने बांधलेलं एकही पुस्तक दादाने किंवा मधल्याने कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं. त्यामुळे तिचं काम ओळखणारा त्या खोलीत एकच माणूस होता आणि तो गुडघ्यांवर बसून ते बघत होता.

त्याने एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“ही मी घातली,” तो म्हणाला.

“वा!” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात पंधरा दिवसांची तरतरी परत आली. “म्हणजे सुरुवात तुम्हीच केलीत! आणि आम्ही उगीच आपापसांत भांडतोय.”

“तेच म्हणते,” आई म्हणाली. “आम्ही काय, बघून केलं.”

“उस्तादच चुकला तर शिष्यांनी काय करायचं?” मधला म्हणाला. युती पुन्हा जमली. वहिनीही परत नवऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, कारण तिकडे आता सुरक्षित होतं.

परीक्षकबाई जावयाकडे बघत राहिल्या. “तुम्ही? जाणूनबुजून?”

“हो.”

बाईंनी कागद उलटला आणि लिहायला सुरुवात केली. त्या काय लिहिताहेत ते धाकटीला न वाचताही कळत होतं. तिला असंही कळत होतं की आपण गप्प राहिलो तर कुणाला कधीच पत्ता लागणार नाही. तो आयुष्यभर सांगणार नाही. आणखी एक वर्ष रांगेल, मग तेही जमणार नाही, आणि तरी सांगणार नाही.

“खोटं बोलतोय तो,” ती म्हणाली. “ती माझी आहे. मी भरली.”

“तू गप्प बस,” दादा म्हणाला. “नवऱ्याला वाचवायला—”

“बांधणीचा पुठ्ठा आहे तो. जवळ येऊन बघ. आयुष्यात एकदा तरी माझं काम जवळून बघ.”

दादा जागचा हलला नाही. बाई मात्र उठून आल्या, खाली बसल्या, कोपरा पाहिला आणि धाकटीच्या बोटांकडे पाहिलं. बोटांवर सरसाचे जुने डाग होते.

“ठीक,” त्या म्हणाल्या. “मग मला एक सांगा, आणि नीट विचार करून सांगा. लाकडी जमिनीचा पहिला धडाच हा आहे की भिंतीपाशी फट सोडायची. यांना आमच्याकडे शिकवायचंय. अकरा वर्षांत स्वतःच्या बायकोला एवढं समजावता आलं नसेल, तर आमच्या पोरांना काय समजावणार? तुम्हाला हे माहीत होतं की नव्हतं?”

धाकटीला प्रश्नाची दोन्ही टोकं दिसली. ‘नव्हतं’ म्हटलं तर ती सुटत होती. दादा, मधला, आई यांच्या रांगेत चौथी भोळी म्हणून बसता आलं असतं, आणि बाहेर पडून नवऱ्याला सांगता आलं असतं की अरे, माझ्या लक्षातच आलं नाही. फक्त नोकरी गेली असती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने इतरांच्या नकळत मान हलवली, ‘नाही म्हण’ अशी.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “पाठ आहे मला. दमट हवेत फळी रुंदावते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो. भिंतीपाशी करंगळीएवढी फट सोडायची, दाराच्या चौकटीपाशीसुद्धा. पट्टी ठोकायची ती भिंतीला, फळीला नाही. घरमालकाला आधीच सांगून ठेवायचं, की फट बघून घाबरू नका. शंभर वेळा सांगितलंय त्याने. जेवताना ताटाकडेला काडी ठेवून दाखवलंय.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“मग भरलीत का?”

“ती भिंत दादाच्या खुर्चीसमोर आहे. तो रोज फटीकडे बघायचा आणि चुक् करायचा. मी इथे चार दिवस राहायला होते. चार दिवस तो चुक् करत होता. मी म्हटलं, एक भिंत झाकली म्हणून काय होतंय, तीन मोकळ्या आहेत.” ती भिंतीकडे बघूनच पुढे बोलली. “त्याचं बरोबर आहे हे मला माहीत होतं, बाई. तरी मला दादाची लाज वाटली. नवऱ्याच्या कामाची लाज वाटली मला, आणि काम चोख होतं.”

परीक्षकबाईंनी आधीचा कागद फाडून दुमडला आणि खिशात घातला. फूटपट्ट्या, प्लास्टर, मेण आणि पुठ्ठा काढल्यावर त्यांनी चारही बाजूंची फट स्वतः मोजली आणि आकडे नव्या कागदावर लिहिले. ते चारही सारखे होते. “उद्या आठला शाळेत या, सर,” त्या जावयाला म्हणाल्या. चहा नको म्हणाल्या आणि गेल्या.

‘सर’ दादाने ऐकलं. धाकटीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

*

जावयाने फुगवट्याच्या कडेच्या दोन फळ्या सैल केल्या. फटी मोकळ्या झाल्यावर आठवडाभरात जमीन आपोआप खाली बसेल, असं त्याने वहिनीला समजावून सांगितलं आणि पट्ट्या कशा ठोकायच्या तेही दादाला समजावलं, राग न दाखवता, जसा कुठल्याही घरमालकाला समजावतो तसा. दादाने ‘हो, हो’ केलं. मग जावयाने हत्यारं पुसून पेटीत ठेवली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्याने एकावर एक रचून धाकटीच्या हातात दिल्या.

तिने पर्स उचलली. दारापाशी तो चपला घालत होता.

“तू ये मागून,” तो म्हणाला.

“आपण बरोबरच—”

“मला जरा एकट्याने चालायचंय.”

“अरे, बोल ना काहीतरी. ओरड माझ्यावर.”

“कशाला ओरडू? तुला सगळं पाठ आहे.” त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि जिना उतरू लागला. एका पायरीवर एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. ती वरून ऐकत राहिली. खालचं दार वाजलं.

ती आत आली. सुतळी सुटली होती, म्हणून खुर्च्या मोकळ्या होत्या. सगळे बसले होते आणि वहिनीने चहा आणला होता.

“काहीही म्हण,” दादा बशीत चहा ओतत म्हणाला, “माणूस सोन्यासारखा आहे. एक शब्द वावगा बोलला नाही.”

“ओळखण्यात चूकच झाली आपली,” मधला म्हणाला.

“मी तर आधीपासून सांगते,” आई म्हणाली. “दुसरा कुणी असता तर केवढा तमाशा केला असता. ह्याने काही मनालाच लावून घेतलं नाही बघ. नशीब काढलंस तू.”

अकरा वर्षं धाकटी हे ऐकण्यासाठी या घरात येत होती. आता तिला ते ऐकवेना. ते तिघं आणखी काय काय चांगलं बोलत राहिले, आणि ती हातातल्या पुठ्ठ्यांसकट दाराकडे तोंड करून रडत उभी राहिली.